मखमलीच्या ताग्याचा पत्ता

सोफ्याचं कापड बदलायला आलेले मामा हॉलमध्ये नवा तागा उलगडून बसले होते. निळसर मखमल, हात फिरवला की रंग बदलणारी. मी सहज म्हटलं, "काय छान विणलंय!"

मामांनी मान हलवली. "विणलेलं नाही ताई हे. निटिंगचं आहे."

मी जरा गोंधळले. स्वेटर आपण विणतोच की. पैठणी विणतात, टोपली विणतात, खाटेची नवार विणतात. मराठीला या सगळ्यांसाठी एकच क्रियापद पुरतं. मामांना ते पुरत नव्हतं. त्यांनी ताग्याचा कोपरा माझ्या हातात दिला. "ओढा." ओढला तर कापड लांबलं आणि सोडल्यावर गुमान जागेवर आलं. मग जुन्या सोफ्यावरून उसवलेला तुकडा दिला. "आता हा ओढा." तो जागचा हलेना.

नव्या ताग्याच्या लेबलवर एक आठ आकडी नंबर छापला होता. हा कसला, असं विचारल्यावर मामा म्हणाले, "कस्टमवाल्यांचा. माल बाहेरचा आहे ना." आणि त्यांनी कात्री उचलली. मी मात्र त्या आकड्याच्या मागे लागले, आणि पुढचे कित्येक दिवस कोणीही घरी आलं की त्याला सोफ्यावर बसू देण्याआधी भिंगातून सोफा बघायला लावू लागले.

तो आकडा म्हणजे पत्ता आहे. आपला पिन कोड आठवा. १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो देशात सुरू झाला, आणि त्यामागे डोकं होतं श्रीराम भिकाजी वेलणकर या कोकणातल्या माणसाचं, जो टपाल खात्यात अधिकारी होता आणि संस्कृतात कविताही करायचा. पहिला आकडा ४ दिसला की पत्र महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगडच्या बाजूला निघतं. पुढचा प्रत्येक आकडा पत्ता अरुंद करत नेतो आणि सहाव्या आकड्यापाशी पोस्टमनची सायकल दिसायला लागते.

आता असाच सहा आकडी पत्ता जगातल्या प्रत्येक वस्तूला द्यायचा असेल तर? नुसता घरांना नव्हे, तर गाढवाला, हिंगाला, विमानाच्या इंजिनाला, छत्रीच्या दांड्याला आणि अजून ज्याचा शोधच लागलेला नाही अशा वस्तूलासुद्धा. वेडेपणा वाटतो ना? तो वेडेपणा १ जानेवारी १९८८ पासून चालू आहे. त्याला हार्मोनाइज्ड सिस्टिम म्हणतात, व्यापारी नुसतं 'एचएस कोड' म्हणतात. ब्रुसेल्समधली जागतिक सीमाशुल्क संघटना तो सांभाळते. दोनशेहून जास्त देश आणि अर्थव्यवस्था तो वापरतात, आणि जगात फिरणाऱ्या मालापैकी ९८ टक्क्यांहून जास्त माल या पत्त्यांवरच पोचतो. पहिले सहा आकडे सगळ्या जगात तेच. पुढचे दोन भारताने आपल्या सोयीने जोडलेले. म्हणजे सुरतचा व्यापारी, शांघायचा गिरणीवाला आणि रॉटरडॅमचा गोदी अधिकारी यांना एकमेकांची भाषा येत नसली तरी सहा आकड्यांत ते एकाच कापडाबद्दल बोलू शकतात.

या गावात ९७ घरं आहेत. त्यांना चॅप्टर म्हणतात. पहिल्या घरात जिवंत जनावरं राहतात, शेवटच्यात चित्रं, शिल्पं आणि शंभर वर्षांहून जुन्या वस्तू. मधली घरं वाटेल तशी रचलेली नाहीत. आधी जनावरं आणि झाडं, मग खाद्यपदार्थ, खनिजं, रसायनं, मग प्लास्टिक, चामडं, लाकूड, कापड, धातू, यंत्रं, गाड्या, घड्याळं, आणि सरतेशेवटी कला. आकडा वाढत जातो तसा वस्तूला माणसाचा हात जास्त लागलेला असतो. ९७ घरांची ही गल्ली चालत गेलं की गोठ्यातून निघून चित्रप्रदर्शनात पोचतो! आणि ७७ व्या घराला कुलूप आहे. ते मुद्दाम रिकामं ठेवलंय, पुढे कधी लागलं तर. मला या कुलपाचं फार कौतुक वाटतं. सगळ्या जगाची यादी करायला बसलेल्या माणसांना ती पुरी होणार नाही हे ठाऊक होतं.

कापडाचा मोहल्ला ५० पासून ६३ पर्यंतचा. तिथेही तीच चाल: पन्नासाव्या चॅप्टरचं पहिलं दार, ५००१, रेशमाच्या कोषांचं. त्रेसष्टाव्याचं शेवटचं दार, ६३१०, चिंध्यांचं. कोषापासून चिंधीपर्यंत कापडाचं अख्खं आयुष्य चौदा घरांत मांडलंय.

माझ्या मखमलीचं दार यातलं कोणतं? मला वाटलं, सोपं आहे, सोफ्याचं कापड म्हणून एखादी पाटी असेलच. इथे मला पहिला धक्का बसला. या ताग्याला पत्ता देताना सोफा कुणी विचारतच नाही! तुम्ही त्यावर बसणार आहात, त्याचा पडदा करणार आहात की झगा शिवणार आहात, यावर हे सहा आकडे हलत नाहीत. विचारलं जातं ते एवढंच: यातला धागा कसा चाललाय?

भिंग घ्या. मोबाइलचा कॅमेरा अगदी जवळ नेलात तरी चालेल. आधी अंगातला साधा शर्ट बघा. उभे धागे, आडवे धागे, एक वरून एक खालून, चटईसारखे. प्रत्येक धागा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळजवळ सरळ जातो. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या मागांवर रात्रंदिवस खडखडत तयार होतं ते हे. आता टी-शर्ट बघा. इथे सरळ काहीच नाही. सगळे फास. एका फासातून दुसरा ओवलेला, त्यातून तिसरा, खाली बघावं तर इंग्रजी व्हीच्या रांगाच रांगा. सरळ धागा ताणायचा तर तो तुटायला हवा. फास ताणला तर नुसता चपटा होतो आणि सोडला की पुन्हा गोल. मामांनी माझ्या हातात दिलेल्या कोपऱ्याचं रहस्य एवढंच होतं. सोफ्याच्या गोल हातावर चुणी न पडता कापड बसवायचं असेल तर याहून बरं दुसरं काय मिळणार?

फास विणायचं यंत्र आलं कधी? इंग्लंडात नॉटिंगहॅमजवळच्या विल्यम ली नावाच्या पाद्र्याने १५८९ मध्ये पायमोजे विणायची चौकट बनवली. तेव्हा आपल्याकडे अकबर राज्य करत होता! राणी एलिझाबेथने म्हणे पेटंट नाकारलं, कारण हाताने मोजे विणणाऱ्या बायकांचं पोट जाईल. त्या चौकटीची पणतवंडं आज एका मिनिटात अक्षरशः लाखो टाके घालतात.

तर सरळ धागे असतील तर घर वेगळं, फास असतील तर वेगळं. फासांच्या कापडाचं घर ६०. ही भिंत एवढी पक्की आहे की शिवलेले कपडेसुद्धा तिच्या दोन बाजूंना राहतात. तुमच्या कपाटात एकाच हँगरवर लटकणारा टी-शर्ट चॅप्टर ६१ मधला आणि शर्ट ६२ मधला. मराठीने एका क्रियापदात बांधलेली जोडी ब्रुसेल्सने अशी कायमची विभक्त केलीय.

साठाव्या घरात शिरलो की सहा खोल्या. ६००१ ही पहिली खोली लव असलेल्या कापडांची. मखमल, टर्किश टॉवेलसारखं फासेदार कापड, आणि हल्ली सोफ्यांवर मेंढीच्या पाठीसारखं जे गुबगुबीत दिसतं ते. पण मखमल फासांच्या यंत्रावर बनते कशी? ही रीत ऐकून मी खुर्चीतून उठले होते.

एक यंत्र आहे, त्यात सुयांच्या दोन रांगा समोरासमोर. प्रत्येक रांग आपापलं कापड विणते. म्हणजे दोन कापडं एकदम, तोंडाला तोंड लावून. आणि तिसरे धागे सतत या कापडातून त्या कापडात, त्यातून पुन्हा ह्यात, अशा येरझारा घालत राहतात. दुमजली इमारत समजा, वरचा मजला, खालचा मजला आणि मध्ये हजारो खांब इतके दाट की मुंगी शिरू नये. मग एक धारदार पातं येतं आणि सगळे खांब बरोबर कंबरेतून कापत जातं. इमारतीच्या होतात दोन बैठ्या चाळी, आणि दोन्हींवर अर्धे अर्धे खांब उभे. ते अर्धे खांब म्हणजेच मखमलीची लव! तुम्ही सोफ्यावर हात फिरवता तेव्हा कापलेल्या खांबांच्या टोकांवरून हात फिरवत असता. आणि त्याच मखमलीचं जुळं भावंड दुसऱ्याच कुणाच्या तरी दिवाणखान्यात असतं.

या जातीच्या यंत्रांना आपल्याकडे रॅशल म्हणतात. मूळ नाव राशेल, आणि ते कुणा इंजिनिअरचं नाही. एकोणिसाव्या शतकात पॅरिसची रंगभूमी गाजवणाऱ्या एलिझा फेलिक्स या नटीचं ते रंगमंचावरचं नाव. बालगंधर्वांच्या नावाने एखादा माग ओळखला जावा तसंच हे.

सगळीच लव मात्र अशी खांबांची नसते. कधीकधी साधं फासांचं कापड घेतात आणि तारेच्या ब्रशखालून काढतात. ब्रश धागे खरवडून वर ओढतो आणि कापड केसाळ दिसायला लागतं. दुकानात दोन्ही 'व्हेल्व्हेट' म्हणूनच विकली जातात. पण पत्ता देणारा विचारतो: हे केस जास्तीचा धागा घालून रोवलेले आहेत, की जमिनीतलेच विस्कटून उभे केलेत? रोवलेले असतील तर ६००१. नुसते विस्कटलेले असतील तर पुढच्या खोल्यांत चला. शेतात लावलेला ऊस आणि बांधावर आपोआप माजलेलं गवत यांतला फरक दिसायला सोपा, पण एक मिलिमीटर उंचीच्या शेतात तो ओळखायचा म्हणजे? कापडाची पाठ बघतात, सुईने धागे एकेक सोडवतात, भिंगाखाली मोजतात. यावरून आयातदार आणि अधिकारी यांचे खटके उडतात ते काही उगाच नाही.

मधल्या खोल्यांतून झपझप जाऊ. पन्हा ३० सेंटिमीटरपेक्षा जास्त नसेल तर ६००२ आणि ६००३, म्हणजे पट्ट्या आणि फितीच. सोफ्याचं कापड सहसा दीड मीटरच्या आसपास, ते इथे मावतच नाही. त्याहून रुंद आणि वजनाने निदान ५ टक्के रबर किंवा स्पँडेक्ससारखा ताणला जाणारा धागा असेल तर ६००४.

६००५ आणि ६००६ मात्र थांबायला लावतात. फास दोन तऱ्हांनी घालता येतात. आजी सुयांवर विणायची तशी एक तऱ्हा: एकच धागा, तो आडवा डावीकडून उजवीकडे आणि परत, ओळीवर ओळ. म्हणूनच आजीचा स्वेटर एका टोकाला धागा सापडला की सरसर उसवत जायचा आणि शेवटी मांडीवर लोकरीचा गुंडा उरायचा. दुसऱ्या तऱ्हेत हजारो धागे उभे, प्रत्येकाला स्वतःची सुई, आणि प्रत्येक धागा वर चढताना शेजाऱ्याच्या सुईवर एक फास टाकून येतो, मग परत आपल्या जागी, मग पुन्हा शेजारी. नागमोडी. चाळीतल्या बायका गॅलरीतून एकमेकींकडे वाटी पाठवत राहतात तसं. अशा कापडाचा एक धागा ओढला तर ते उसवत नाही, कारण प्रत्येकजण शेजाऱ्यात अडकलेला. मच्छरदाणी, जाळीचे पडदे, बुटांवरची जाळी ही मुख्यतः याच कुळातली. ही दुसरी तऱ्हा म्हणजे वॉर्प निटिंग, तिचा पत्ता ६००५. आजीची तऱ्हा ६००६.

आता म्हणाल, धागा आडवा गेला काय आणि उभा गेला काय, माझ्या खिशाला काय त्याचं? २०२५ च्या अर्थसंकल्पात निटेड कापडाच्या नऊ ओळींवरचं सीमाशुल्क बदललं. त्या ओळी ६००४ आणि ६००६ मधल्या. दर ठरला: २० टक्के किंवा किलोला ११५ रुपये, यांतलं जे जास्त असेल ते. आकडेमोड करून बघा. ५७५ रुपये किलोच्या कापडावर दोन्ही हिशोब सारखेच. त्याहून महाग असेल तर २० टक्के. पण २०० रुपये किलोचं स्वस्त कापड असेल तर? २० टक्क्यांनी ४० रुपये झाले असते. आता भरायचे ११५. म्हणजे साडेसत्तावन टक्के, बाकीचे कर वेगळे! बाहेरून येणाऱ्या अगदी स्वस्त मालापुढे इथल्या निटिंगवाल्यांना उभं राहता यावं म्हणून केलेली ही तरतूद. आदल्याच वर्षी काही कृत्रिम धाग्यांच्या निटेड कापडांना किलोला साडेतीन डॉलर अशी किमान आयात किंमतही लावली होती. त्यामुळे धागा शेजाऱ्याच्या सुईवर गेला होता की आपल्याच ओळीत राहिला, या प्रश्नावर कंटेनरमागे लाखो रुपये इकडचे तिकडे होतात. भिंगाखालचा नागमोड थेट जमाखर्चाच्या वहीत उमटतो.

हे काही आजकालचं नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शुल्काध्यक्ष आहे, नगरद्वारी शुल्कशाळा आहे, आणि कापडांचे वेगवेगळे दरही आहेत: क्षौम, दुकूल, रेशीम अशा उंची वस्त्रांना दहावा किंवा पंधरावा हिस्सा, साध्या वस्त्राला, सुताला, कापसाला विसावा किंवा पंचविसावा. आता मला सांगा, त्या दारात कुणीतरी आपलं दुकूल साधं कापड म्हणून दाखवत उभा राहिला नसेल का?

खोली सापडली तरी दोन आकडे उरतात. त्यांना धागा कशाचा हे कळायला हवं. आणि इथे एक नियम आहे जो महाराष्ट्रातल्या वाचकाला समजावून सांगावाच लागणार नाही.

समजा कापडात ४० टक्के सूत, ३५ टक्के पॉलिस्टर आणि २५ टक्के व्हिस्कोस आहे. सर्वांत मोठा पक्ष सुताचा. मग हे सुती कापड? नाही! नियम सांगतो की पॉलिस्टर आणि व्हिस्कोस हे दोघेही माणसाने बनवलेले धागे, ५४ आणि ५५ या चॅप्टरांतले, आणि समोर तिसरा असेल तेव्हा हे दोन चॅप्टर एकच धरायचे. म्हणजे आघाडी झाली ६० टक्क्यांची, सूत विरोधी बाकावर. मग आघाडीच्या आत मतमोजणी: पॉलिस्टर ३५, व्हिस्कोस २५. मुख्यमंत्री पॉलिस्टर. ४० टक्के सूत असलेलं कापड कागदोपत्री पॉलिस्टरचं ठरतं. जागा मोजून नव्हे, आघाड्या मोजून सरकार बनतं हे आपल्याला २०१९ मध्ये कळलं. कापडाच्या दुनियेला ते आधीपासून ठाऊक होतं.

पण आत काय किती आहे, हे लेबलवर विसंबून कसं चालेल? नमुना प्रयोगशाळेत जातो. कस्टमच्या स्वतःच्या प्रयोगशाळा आहेत, शिवाय १९६३ च्या कायद्याने झालेल्या टेक्स्टाइल्स कमिटीच्याही आहेत. तिचं मुख्यालय मुंबईत प्रभादेवीला. आधी सूक्ष्मदर्शक. लोकरीवर खवले दिसतात, माशासारखे. कापसाचा तंतू पिळलेल्या फितीसारखा. पॉलिस्टर काचेच्या कांडीसारखं गुळगुळीत, त्याला ना खवले ना पीळ. शेवटी ते पाण्याच्या बाटलीचंच सख्खं भावंड. मग मोजदाद, आणि तिची पद्धत मला फार आवडली. मिसळलेले तंतू चिमट्याने वेगळे करत बसत नाहीत. एकाला विरघळवून टाकतात. ७५ टक्के सल्फ्युरिक आम्लात कापूस विरघळून जातो, पॉलिस्टर तसंच राहतं. फॉर्मिक आम्लात नायलॉन जातं, पॉलिस्टर राहतं. लोकरीला तर ब्लीचच्या जातीचं द्रावण पुरतं. आधी वजन केलेलं, नंतर केलेलं, फरक काढला की उत्तर. भेळेत शेंगदाणे किती आहेत हे कळायला बाकीची भेळ खाऊन टाकावी, तसला प्रकार!

माझ्या ताग्यात पॉलिस्टरच होतं. शेवटचा प्रश्न: त्याला कुणी पाठीमागून लेप दिलाय का?

सोफ्याच्या कापडाला पाठीवर बऱ्याचदा प्लास्टिकचा पातळ थर असतो, धागे सरकू नयेत म्हणून. तो थर नुसत्या डोळ्यांना दिसला तर साधं निटेड कापड साठाव्या घरातून उठतं आणि ५९ मध्ये, ५९०३ वर राहायला जातं. नुसत्या डोळ्यांना, बरं का! आम्लं, सूक्ष्मदर्शकं सगळं झाल्यावर नियम म्हणतो, भिंग खाली ठेवा आणि बघा दिसतोय का. रंग बदललेला दिसला तर तो पुरावा धरत नाहीत.

आणि लेप फारच जाड असेल तर? मग तो ऐवज कापडाच्या मोहल्ल्यातूनच बाहेर, ३९ मध्ये, प्लास्टिकच्या घरी. कापड कुठे संपतं आणि प्लास्टिक कुठे सुरू होतं, हे ठरवायची जगन्मान्य कसोटी ऐका. ७ मिलिमीटर व्यासाचा एक दांडा घ्या, साधारण पेन्सिलीएवढा. १५ ते ३० अंश सेल्सियस तापमानात तो तुकडा हाताने त्या दांड्याभोवती वाकवा. न मोडता वाकला तर कापडाचा दावा शाबूत. मोडला तर प्लास्टिक. दोनशे देशांचा व्यापार, आणि कुणीतरी खरोखर एका पेन्सिलीभोवती कापड गुंडाळून बघतंय! मे महिन्यात न्हावाशेव्याला हा प्रयोग करायचा तर आधी एसी लावावा लागेल, हे आपलं माझं निरीक्षण.

यात मखमलीला एक विशेष सवलत आहे. लव असलेल्या निटेड कापडाला कितीही लेप द्या, ते ६००१ सोडत नाही. नियमात तसं स्पष्ट लिहिलंय. लव नसलेल्या चुलत भावंडांना घर सोडावं लागतं, ही मात्र आपल्या खोलीत ठाण मांडून.

एकदा हे कळलं की जुन्या ओळखीच्या वस्तू भलत्याच दिसू लागतात. दवाखान्यातल्या बाकावरचं, रिक्षाच्या सीटवरचं ते रेक्झिन. चामड्याची नक्कल करणारं प्लास्टिक, एवढंच आपण समजतो. कुठे फाटलं असेल तिथे उलटून बघा. आत पांढरी, मऊ, ताणली जाणारी जाळी दिसते का? बहुतेक वेळा ते निटेड कापडच असतं. वरचं प्लास्टिक फेसाळ असेल आणि ही जाळी साधी, एकरंगी, एकाच बाजूला, नुसती बळकटीपुरती असेल तर मान प्लास्टिकचा, चॅप्टर ३९. पण मागे छापील, नक्षीदार किंवा लव असलेलं कापड वापरलं असेल तर नियम मानतो की ते केवळ आधाराला आलेलं नाही, त्याचं स्वतःचं काही म्हणणं आहे. अस्तराला व्यक्तिमत्त्व आहे की नाही, हेसुद्धा कस्टम विचारतं!

अशा प्रश्नांचा निकाल कधीकधी कोर्टात लागतो. अमेरिकेत स्नगी नावाचा प्रकार खूप खपला होता: मऊ निटेड पॉलिस्टरचं पांघरूण, पण त्याला बाह्या. टीव्ही बघताना पुढून चढवायचं, पाठ उघडी. सरकार म्हणालं, बाह्या आहेत म्हणजे कपडा, १४.९ टक्के भरा. कंपनी म्हणाली, पांघरूण आहे, ८.५ टक्के. २०१७ मध्ये अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयाने निकाल दिला की हे पांघरूणच. विद्वान न्यायाधीशांनी गंभीरपणे बसून, बाह्या असलेली गोधडी अंगात घातली जाते की अंगावर घेतली जाते, याचा खल केला. गोधडीवर चार पिढ्यांचे पाय पसरलेल्या आपल्यासारख्यांना कुणी साक्षीला बोलावलं असतं तर पाच मिनिटांत आटपलं असतं.

आपल्याकडे पहिला डाव आयातदाराचाच असतो. २०११ पासून बिल ऑफ एंट्रीवर, म्हणजे आयातीच्या अर्जावर, कोड तो स्वतःच लिहितो आणि शुल्कही स्वतःच मोजतो. चुकीचा निघाला तर फरक, व्याज आणि कदाचित दंड. आणि २०२० पासून तागा न्हावाशेव्याला उतरला तरी त्याची कागदपत्रं तपासणारा अधिकारी भलत्याच शहरात बसलेला असू शकतो. त्याने तुमची मखमल कधी पाहिलेली नसते. त्याच्यापुढे असतात ते शब्द: निटेड, लव असलेलं, पॉलिस्टर, रंगवलेलं, पन्हा अमुक, वजन तमुक. मखमलीचं इतकं कोरडं वर्णन कुठल्या शायराने केलं नसेल, आणि इतकं अचूकही.

हे सगळं मी मामांना सांगितलं. त्यांचं ऐकता ऐकता काम चालू होतं. तागा जमिनीवर पसरून खडूने खुणा केल्या, आणि पाठीसाठी लांबच्या लांब एक सरळ चौकोन कापून बाजूला ठेवला. मी म्हटलं, "मामा, हे अजून कापडच. नुसता चौकोन कापला तर नियमाप्रमाणे ते कापडच राहतं."

"आणि गोल कापलं तर?"

"मग ती तयार वस्तू. साठावं घर सुटलं."

मामांनी हाताच्या गोलाईचा पुठ्ठ्याचा साचा ताग्यावर ठेवला, खडू फिरवला. कात्री सरळ गेली, साच्याच्या कडेपाशी आली. तिथे ते क्षणभर थांबले, माझ्याकडे बघून हसले आणि त्यांनी मनगट वळवलं.